'जर्मन म्हणजे भालेवाला' हे खरं नाहीये

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की 'गेर' म्हणजे भाला, 'मान' म्हणजे माणूस, म्हणून जर्मन म्हणजे भालेवाले, आणि हे लोक मूळचे आपले 'शर्मन्'. यातला भाला तेवढा खरा आहे, बाकी काही टिकत नाही, आणि हा भाल्याचा शब्द माझ्या फार जवळचा आहे म्हणून लिहितेच.

पहिलं, 'गेर' हे रूप खूप नंतरचं. रोमन सेनापती सीझरने लॅटिनमध्ये या लोकांना 'गेरमानी' लिहिलं ते इसवी सनापूर्वी ५० च्या आसपास, तेव्हा त्यांच्या भाषेत भाल्याला 'गाइझाझ'सारखा शब्द होता, त्यात र नव्हताच, झ चा र व्हायला पुढे काही शतकं गेली. सीझरच्याच पुस्तकात फेकायच्या भाल्याला गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांकडून आलेला 'गाएसुम' शब्द आहे, तिथेही स! गॉथ या जर्मन कुळातल्याच टोळ्यांचा राजा राडागाइसुस ४०६ साली मारला गेला, त्याच्या नावातही भाला स घेऊनच उभा आहे. मग सीझरच्या काळात 'गेर' कुठून येणार? आणि माणसाला त्यांचा शब्द 'मन्न', दोन न वाला, लॅटिन नावात एकच न आहे.

आता शर्मन्. 'ज' हा इंग्रजी उच्चार, लॅटिनमध्ये तिथे सरळ ग आहे, आणि ते लोक तर स्वतःला डॉइच म्हणवतात. शिवाय आपल्या या श च्या जागी त्यांच्या भाषाकुळात (इंग्रजीही त्यातलीच) ह येतो, शतम् चं हंड्रेड, श्वन् चं हाउंड. शर्मन् म्हणजे संरक्षण, आणि अभ्यासक त्याचं नातं जोडतात ते हेल्मेटशी.

संस्कृतशी नातं हवंच असेल तर ते भाल्यातच आहे की! 'हि' म्हणजे फेकणे, त्यावरून हेति, हेषस्, फेकायचं शस्त्र, आणि गाइझाझ याच कुळातला मानतात.

त्याची पोरंबाळं तर रोजच्या वापरात आहेत. एडगर, रॉजर, जेराल्ड या नावांत तोच आहे. घेरदार स्कर्टला जी तिकोनी कळी लावतात तिला इंग्रजीत 'गोर' म्हणतात, तीही भाल्याच्या पात्यावरूनच. आणि गार्लिक, जुन्या इंग्रजीत 'गारलेआक', गार म्हणजे भाला आणि लेआक म्हणजे कांद्या-लसणाच्या जातीची भाजी. आज फोडणीसाठी लसूण सोलाल तेव्हा एक पाकळी आडवी धरून बघा, खाली जाड आणि वर निमुळतं टोक, अगदी भाल्याचं पातं.