प्लेट तडकली, डाय गंजले: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला. मग स्वतःचा लेख पुन्हा उघडून वाचला, आणि राग कुणावर काढायचा तेच कळेना. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. (डाय-कटिंगच्या मशीनमध्ये डाय, म्हणजे हव्या त्या आकाराचा धारदार साचा, आणि कागद दोन कटिंग प्लेटांच्या मध्ये ठेवून हँडलने रोलरखालून काढतात, की कागद त्या आकारात कापला जातो.) कटिंग प्लेटच्या निगेवरचा माझा लेख वाचून तुम्ही प्लेट नेलपॉलिश रिमूव्हरने पुसत गेलात, ती तीन आठवड्यांत मधोमध तडकली. त्याच लेखात सांगितलेल्या साबणपाण्याने डाय धुतले, त्यांवर गंजाचे ठिपके आले. आणि मुळात प्लेट ही झिजून संपायचीच वस्तू, संपली की नवी घ्यावी, तिची एवढी सरबराई कशाला?

गंजाचा दोष सरळ माझा. लेखात मी कुठे प्लेट म्हटलंय, कुठे डाय, आणि एके ठिकाणी दोन्हींना मिळून ‘प्लेटा’. पाण्याने धुवा हे मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या प्लेटबद्दल म्हणत होते, पण ते माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. पातळ डाय पोलादी पत्र्याचे असतात. नक्षीच्या कोपऱ्यात पाणी अडकलं की फडक्याने निघत नाही आणि रात्रीत ठिपका धरतो. त्यांची सफाई कोरडीच करायची: डाय फोमवर ठेवून वरून ताठ केसांचा ब्रश फिरवायचा, हट्टी कपटा सुईने मागच्या भोकातून ढकलायचा. टेपचा चिकटा राहिला असेल तर स्पिरिट लावलेला बोळा फिरवून लगेच पुसून घ्यायचा. तुमच्या डायवरचे ठिपके वरवरचे असतील तर शाई खोडायच्या खरखरीत रबराने मागची सपाट बाजू घासून बघा. धारेला मात्र रबर लावू नका. लाकडी पायावर पाती बसवलेले जाड डाय असतील तर त्यांना पाण्याजवळही नेऊ नका, लाकूड फुगतं.

आता रिमूव्हर. ‘स्पिरिट किंवा रिमूव्हर, घरात असेल ते’ असं मी लिहिलं होतं. हे वाक्य चुकीचं होतं, आळशीपणाने लिहिलेलं होतं. या प्लेटा बहुतेक पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात आणि रिमूव्हरमधलं एसीटोन पॉलिकार्बोनेटला खातं. नव्या, गुळगुळीत प्लेटवर एखाद्या वेळी ते नुसता धुरकट डाग पाडून सोडेल. पण वापरलेल्या प्लेटमध्ये धारेने पाडलेल्या खाचा असतात, त्यांच्या आसपासचं प्लॅस्टिक आधीच ताणाखाली असतं. तिथे एसीटोन पोचलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उठतात, आणि पुढच्या एखाद्या फेरीत रोलरखाली प्लेट तडकते. ‘एसीटोन नाही’ असं छापलेल्या बाटलीत बरेचदा इथाइल अ‍ॅसिटेट असतं, तेही या प्लॅस्टिकला चालत नाही. अमोनियावाला काचेचा स्प्रेसुद्धा नको. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ फडकं. चिकटा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात आणि लगेच कोरडं, तेही प्लेट पॉलिकार्बोनेटची आहे याची खात्री असेल तर. अ‍ॅक्रिलिकची असेल तर अल्कोहोलनेही तडे जातात.

मात्र सगळं रिमूव्हरवर ढकलून चालणार नाही. तुम्हीच लिहिलंय की आयताकृती चौकटीचा एकच डाय रोज मधोमध ठेवून तुम्ही आमंत्रणपत्रिका कापत होता. म्हणजे धार रोज त्याच खाचेत उतरत होती. शिवाय चौकटीची लांब बाजू रोलरला समांतर असेल तर ती सगळी एकदम दाबाखाली येते, हँडल तिथेच अडतं. डाय थोडा तिरका ठेवा, धार हळूहळू दाबाखाली जाते आणि हाताला लगेच फरक कळतो. रोज जागा बदला, आणि मुख्य म्हणजे दर फेरीला प्लेट उलटी करा. ज्या बाजूला घाव बसतात ती बाजू पसरते आणि प्लेट होडीसारखी वाकते. दुसऱ्या बाजूलाही तेवढेच घाव बसले की बरीचशी सरळ होते. ओव्हनमध्ये तापवून सरळ करण्याचा जो उपाय तुम्ही सुचवलाय तो मी करणार नाही. पॉलिकार्बोनेट १४७ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, घरातल्या ओव्हनचा काटा इतका विश्वासू नसतो, आणि प्लेट सपाट दिसली तरी जाडी सगळीकडे सारखी राहिली का हे कोण मोजणार?

जाडीवरूनच तुमच्या तिसऱ्या मुद्द्याकडे येते, कारण तिथे मी मागे हटणार नाही. प्लेट झिजणारी वस्तू आहे, मान्य. पण मी ती पुसते ते तिचं आयुष्य वाढावं म्हणून नाहीच. डाय एका कोपऱ्यात नीट कापत नसला की आपण काय करतो? साधा छपाईचा कागद शिम म्हणून, म्हणजे दाब वाढवायला प्लेटखाली जाडी भरणारा थर म्हणून घालतो. ८० जीएसएमचा तो कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, आणि तेवढ्याने न कापणारा कोपरा कापला जातो. मग त्याच प्लेटवर राहून गेलेला मास्किंग टेपचा तुकडा, वाळलेला गोंदाचा थेंब किंवा चमकीचा दाणा काही करत नसेल? तोही शिमच आहे, फक्त आपण न ठेवलेला. एका जागी दाब वाढतो, शेजारी कमी पडतो, आणि आपण डाय बोथट झाला म्हणून नवा मागवतो. मी स्वतः एक मागवला आहे, म्हणून सांगते.

दुसरं, कागदावर उमटणारं भूत. मागच्या महिन्यात पांढऱ्या जाड कार्डस्टॉकवर वर्तुळं कापली. वर्तुळ बाहेर काढून खिडकीशी तिरकं धरलं तर त्यावर फर्नचं एक पान दिसलं, शिरांसकट, बिनशाईचं. आदल्या दिवशीच्या डायची खाच दाबाने या कागदात उतरली होती. दुसऱ्या वर्तुळाच्या कडेला लाल चमकीची बारीक रेघ होती, आणि लाल चमकी मी तीन आठवडे वापरलेली नव्हती. प्लेटवरून नखाची कड फिरवली तेव्हा खाचेतून करडा-पांढरा भुगा निघाला, त्यात तो लाल चुरा. तेव्हापासून माझ्याकडे प्लेटांच्या दोन जोड्या आहेत, एक मारखाऊ आणि एक पांढऱ्या कागदासाठी राखलेली. मारखाऊ जोडी मी आठवड्यातून एकदा कोरड्या टूथब्रशने झाडते, बस्स. ती कुरकुरते, करकरते, तो आवाज चालायचाच.

मूळ लेखात आजच दुरुस्ती केली आहे. रिमूव्हरचं वाक्य पुसलं नाही, आडवी रेघ मारून ठेवलंय, म्हणजे ज्यांनी आधी वाचलंय त्यांना कळेल. तुमच्या प्लेटचे तुकडे अजून टाकले नसतील तर एक बघाल का? तडा चौकटीच्या खाचेतून निघालाय की प्लेटच्या कडेपासून आत आलाय? आणि तुकडा उजेडात धरल्यावर तड्याच्या आजूबाजूला जाळी दिसते का? जाळी दिसली तर प्लेट माझ्या वाक्याने गेली. नुसती स्वच्छ सरळ चीर असेल तर चौकटीने.