ड्रॅगन दिसला म्हणून झगा सम्राटाचा होत नाही

जुन्या चिनी रेशमी झग्याच्या फोटोखाली चार विधानं असलेली एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरते आहे. ड्रॅगन असेल तर झगा सम्राटाचा. पिवळा रंग फक्त त्याचाच. वटवाघळं भुताखेतांना पळवायला. आणि बारीक गाठींचा टाका भरताना बायका आंधळ्या व्हायच्या म्हणून सम्राटाने तो बंद केला. यातलं एकही खरं नाही.

आधी ड्रॅगन. छिंग राजवटीत (१६४४–१९११) दरबारातले अधिकारीही समारंभाला ड्रॅगनचे झगे घालत. कोणी काय ल्यायचं याचा सचित्र नियमग्रंथच १७५९ मध्ये तयार झाला होता. पाच नख्यांचा ड्रॅगन सम्राटाचा आणि वरच्या राजपुत्रांचा, चार नख्यांचा खालच्यांचा. पण एकोणिसाव्या शतकात हा नियम इतका सैलावला की पाच नख्या सर्रास दिसू लागल्या. त्यामुळे नख्या मोजून मालक ठरत नाही. शोधायची ती बारा छोटी चिन्हं, जी नियमाने सम्राटासाठी राखीव होती: तारे, डोंगर, पाणवनस्पती, ज्वाळा, कुऱ्हाड वगैरे. एका खांद्यावर सूर्य, दुसऱ्यावर चंद्र, आणि त्या चंद्रात औषध कुटणारा ससा. आपल्या ‘शशांक’ शब्दातला ससा तिथेही भेटतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पिवळ्याचं म्हणाल तर लख्ख पिवळा सम्राज्ञीही वापरत असे, आणि युवराज व इतर राजपुत्रांना पिवळ्याच्याच वेगळ्या छटा नेमून दिलेल्या होत्या. उलट बीजिंगच्या स्वर्गमंदिरातल्या पूजेला स्वतः सम्राट निळं वस्त्र घालायचा.

वटवाघळाबद्दलचं विधान मला सर्वांत खटकतं, कारण तिथे आपण आपली समजूत चिन्यांच्या कापडावर लादतो. वटवाघूळ आपल्याकडे अशुभ. चिनी भाषेत त्याच्या नावातला ‘फू’ आणि सौभाग्याचा ‘फू’ यांचा उच्चार एकच. म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि आयुष्य पुरं करून आलेलं मरण. तांबडं वटवाघूळ असेल तर अपार भाग्य, कारण ‘तांबडा’ आणि ‘अपार’ हे दोन्ही शब्द ‘होंग’च. उलटं टांगलेलं असेल तर ‘भाग्य आलं’, कारण ‘उलटं’ आणि ‘पोचलं’ हे शब्दही सारखेच ऐकू येतात. ही नक्षी कानाने वाचायची असते. भुतांचा इथे काही संबंध नाही.

राहिला टाका. त्याला दिलेलं ‘निषिद्ध टाका’ हे नाव पाश्चात्त्य व्यापारी आणि संग्राहकांमध्ये रुळलेलं आहे. टाका खरोखर बंद झाला असता, तर एकोणिसाव्या शतकातल्या बटव्यांवर, बाह्यांच्या पट्ट्यांवर आणि अधिकाऱ्यांच्या छातीवरच्या हुद्द्याच्या चिन्हांवर तो इतका भरभरून सापडला नसता. कॅन्टन या चिनी बंदराच्या व्यापारातून मुंबईच्या पारशी घरांत आलेल्या जुन्या भरतकामाच्या ‘गारा’ साड्यांवरही या गाठी आहेत. कुणाकडे अशी साडी असेल तर भिंग घेऊन बघा.