वरातीमागचं घोडं आणि लोनवरचा स्ट्रायकर

'लाल सैतान' यांस,

मँचेस्टर युनायटेडने दुसऱ्या क्लबची माणसं लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरती उसनी, आणायची सवय सोडावी, असं मी लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं, जानेवारी २०२३मध्ये तिजोरीत खडखडाट होता, रोनाल्डो नोव्हेंबरमध्येच गेलेला, मग लोनवरच्या स्ट्रायकर वेगहॉर्स्टशिवाय तेव्हाचा मॅनेजर टेन हागपुढे पर्याय कुठे होता? इथवर ठीक. पण जाता जाता "तुमचं सगळं लिखाण म्हणजे वरातीमागून घोडं" हे जे टाकलंत, ते कशाला?

आधी एक चूक कबूल. वेगहॉर्स्टने 'एकही गोल केला नाही' हे सरसकट लिहायला नको होतं. लीगच्या १७ सामन्यांत शून्यच, पण लीग कपात फॉरेस्टविरुद्ध एक आणि युरोपा लीगमध्ये बेटिसविरुद्ध एक आहे. लेखात दुरुस्ती केली. स्ट्रायकरचे दोन गोल पुरावा म्हणून मोजून दाखवावे लागतात, यात काय ते आलं. असो.

आता घोडं. मी युनायटेड १९९९पासून बघतोय. शेरिंगहॅम आणि सोल्शायरने चॅम्पियन्स लीग फायनलच्या भरपाई वेळेत बायर्नला हरवलं, तेव्हा घरातले झोपलेले म्हणून तोंडात उशी धरून ओरडलो होतो. २०१४च्या डेडलाइन डेला, म्हणजे खेळाडू घेण्याच्या शेवटच्या दिवशी, मोनॅकोहून स्ट्रायकर फाल्काओ लोनवर आला, त्या रात्री तर चक्क नाचलो. त्याच वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हे माहीत असूनही! मग लीगमध्ये २६ सामने, ४ गोल. यातला एकही सामना मी चुकवला नाही. समोर गोलकीपर एकटा असतानाही हा माणूस पास द्यायला कोण दिसतंय ते शोधायचा, तेव्हा टीव्हीसमोर बसून काय वाटतं, हे तुम्ही मला शिकवू नका.

म्हणून वेगहॉर्स्टची बातमी आली त्याच दिवशी मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं होतं: हा पळेल, प्रेस करेल (बॉल हिसकायला समोरच्यांच्या अंगावर धावेल), गोल मात्र करणार नाही. मित्र साक्षीला आहेत. वरात निघायच्या आधी घोडं दारात उभं होतं, साहेब. तुम्हीच तेव्हा झोपला होतात.

लोन यशस्वी झाल्याचं म्हणून टेवेझचं उदाहरण दिलंत. दोन वर्षं लोनवर, दोन लीग, एक चॅम्पियन्स लीग, सगळं खरं. पण त्याचे हक्क त्रयस्थांकडे होते, ते प्रकरणच निराळं, त्यात शिरत नाही. लोनवरचाच लार्सन २००७मध्ये जेमतेम दहा आठवडे होता, आणि शेजारी रूनी-रोनाल्डो असताना कोण कोणाला आधार देत होतं? आर्थिक नियमांवरचा तुमचा लांबलचक परिच्छेदही वाचला. नियम सगळ्याच क्लबांना आहेत.

लोनवरचा खेळाडू चमकला तर भाव त्याच्या मूळ क्लबचा वाढतो, फसला तर सीझन आपला जातो, एवढंच मी म्हणतोय. आणि आपण लोनवर देणारे झालो तरी आपलं नशीब तेच. आपल्या सांचोला लोनवर नेताना पुढे विकत घ्यायची अट चेल्सीने मान्य केली होती, तरी २०२५मध्ये सुमारे ५० लाख पौंड भरून त्यांनी त्याला परत आपल्या दारात आणून सोडलं.

लोनवरचा अमराबात २०२४च्या एफए कप फायनलला छान खेळला, हे मी तेव्हाच लिहिलंय. जुने लेख चाळायचे कष्ट घ्या. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधीची दोन छापण्यासारखी नव्हती.