एसटीपीची बेरीज आणि मुठेचं पाणी

पुण्यात एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांचा विषय निघाला की चर्चा एमएलडीवर (रोज किती दशलक्ष लिटर, यावर) येऊन थांबते. जुने नऊ प्रकल्प, क्षमता रोज ४७७ दशलक्ष लिटर. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून मंजूर झालेले अकरा, त्यांची ३९६. बेरीज झाली, बातमी छापून आली, संपलं. हे शुद्ध केलेलं पाणी ज्या नदीत सोडायचं तिच्यात तिचं स्वतःचं पाणी किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

मुठेवरच्या खडकवासला धरणाचं पाणी एकीकडे शहराच्या नळांना जातं, दुसरीकडे कालव्यातून दौंड-इंदापूरच्या शेतीला. पावसाळा सोडला तर नदीसाठी फारसं काही उरत नाही. मग उन्हाळ्यात डेक्कनच्या पुलावरून जे काळं वाहताना दिसतं ते काय? तुमच्याआमच्या मोऱ्या, संडास आणि वॉशिंग मशीन. थोडं एसटीपीतून आलेलं, थोडं आंबिल ओढ्यातून थेट.

ब्रिटनमध्ये १९१२ साली रॉयल कमिशनने सांडपाण्याचं प्रसिद्ध मानक सुचवलं: बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जो ऑक्सिजन वापरतात त्याचं माप) लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत. पण त्याला अट होती. सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत हवं, म्हणजे उरलेली घाण नदी पचवेल. आपण आकड्यांची पद्धत घेतली, ३० चालवून घेतलं आणि आठपटीचं विसरलो. २०१९ मध्ये हरित लवादाने १० चा आग्रह धरला, ते चांगलंच झालं. पण आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचीच मर्यादा ३ आहे. मिसळायला दुसरं पाणीच नसेल तर १० चं १०च राहणार. एसटीपी उत्तम चालला तरी!

आणि तो उत्तम चालतोय हे कळणार कसं? बीओडीची चाचणी आपल्याकडे तीन दिवसांची, २७ अंशांवर. रिपोर्ट हातात येईपर्यंत ते पाणी दौंडच्या दिशेने कधीच निघून गेलेलं असतं. टाकीत खरं काम जिवाणू करतात, त्यांना सतत हवा लागते, हवेला ब्लोअर आणि ब्लोअरला वीज. वीज वाचवायचा मोह कुठे होत असेल ते वेगळं सांगायला नको. आमच्या सोसायटीत छोटा एसटीपी आहे. दरवर्षीच्या सभेत त्यावर बोलणं होतं ते फक्त लाइट बिलाबद्दल. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रिपोर्ट कुणीही मागितलेला मी ऐकलेला नाही. (मागितला तर पुढच्या कमिटीत मलाच घेतील, ही भीती आहेच.)

जलपर्णीचंही तसंच. ती वाढते नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. साधा एसटीपी बीओडी खाली आणतो, पण ही दोन्ही खतं बरीचशी तशीच पुढे सोडतो. म्हणजे पाणी कागदावर पास आणि नदी हिरवीगार. मग जलपर्णी काढायचं टेंडर निघतं, पोकलेन उतरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शुद्ध केलेलं पाणी उचलून बेबी कालव्याने शेतीला देतात. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचाच आहे. पण त्या शेतकऱ्याला आज आलेलं पाणी कसं आहे, हे आज कळायला हवं की नको?

नदीकाठी घाट आणि जॉगिंग ट्रॅक होताहेत. होऊ द्या. त्याआधी मला दोन गोष्टी हव्यात. ओढ्या-नाल्यांतून थेट नदीत येणाऱ्या मैलापाण्याची नाल्यागणिक यादी, आणि प्रत्येक एसटीपीच्या फाटकावर फळा: आज किती पाणी आत आलं, किती शुद्ध झालं, किती तसंच सोडलं, वीज किती तास नव्हती. बीओडीचा आकडा तीन दिवस जुना असला तरी चालेल, तारीख घालून लिहा. पेट्रोल पंपावर रोजचा भाव लागतो, मग हे का नाही लागू शकत?

खाली कमेंटमध्ये 'लोकच नदीत कचरा टाकतात' असं कुणीतरी लिहिणारच आहे. टाकतात, कबूल. पण संडासाचा पाइप नदीकडे कोणी वळवला, तेही सोबत लिहा.