सेकंड हँड डिझेल बघायला जाताय? आदल्या रात्री मालकाला फोन करा

गाडी बघायला जायच्या आदल्या रात्री मी मालकाला फोन करून एकच सांगतो, उद्या सकाळी मी येईपर्यंत गाडीला चावी लावू नका. आणि पोचलो की पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवायचा, गार असेल तरच पुढचं बोलणं. गेल्या दोन महिन्यांत सांगली, कोल्हापूर, कराड, पुणे धरून अकरा डिझेल गाड्या बघितल्या, त्यातल्या चार ठिकाणी बॉनेट गरम लागलं. "आत्ताच धुवून आणली" हे तर दोघांकडून ऐकलं. डिझेलचं दुखणं पहिल्या स्टार्टलाच कळतं हो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी झालं असेल, डिझेल फवारणारे नोझल टपकत असतील, थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग गेले असतील तर थंड गाडी तीन-चार सेल्फ मारल्याशिवाय उचलत नाही, उचलली तरी थरथरते, मागे धूर सोडते, आणि एकदा दहा मिनिटं चालून तापली की तीच गाडी एकदम शांत होते. म्हणून तापवून ठेवतात.

आता मूळ विषय. माझं काम द्राक्षाच्या औषधांचं, रोज सांगली-तासगाव-कवठेमहांकाळ, आठवड्यातून दोनदा जत. दिवसाला ८० किलोमीटर कुठे गेले नाहीत. २०१२ ची स्विफ्ट डिझेल होती, २ लाख ४० हजार चालली, आता बदलायचीच होती. बजेट साडेसहा लाख. आणि योगायोग असा की त्याच महिन्यात पुण्याहून दाजींचा फोन, "आम्हालाही सेकंड हँड डिझेल एसयूव्ही बघ, बजेट तेवढंच." दाजी कोथरूडला राहतात, ऑफिसला कंपनीची बस, गाडी म्हणजे शनिवार-रविवार मार्केट, मुलांचा क्लास, आणि दोन महिन्यांतून एकदा सांगली. मी त्यांना सरळ सांगितलं, दाजी, तुम्ही डिझेल घेऊ नका. ते जरा नाराज झाले, ताईने पण विचारलं की तू स्वतः डिझेल घेतोयस मग आम्हाला का नको म्हणतोस. त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे सगळं लिहितोय, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

हिशोब साधा आहे. मी हिशोब मांडला तेव्हा पेट्रोल १०४ च्या आसपास होतं, डिझेल ९० च्या थोडं वर. या साइजची पेट्रोल गाडी १४ चं अ‍ॅव्हरेज देते धरा, डिझेल १९. म्हणजे किलोमीटरमागे अडीच-पावणेतीन रुपये वाचतात. माझं वर्षाचं रनिंग २४ हजार, मला ६० हजाराच्या वर फायदा आहे. दाजींचं रनिंग जेमतेम पाच हजार, त्यांचे वाचणार १३ हजार, आणि डिझेलचा एक इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) बदलायची वेळ आली की तो एकटाच दहा हजाराच्या पुढे जातो, वर असे चार असतात. २०१२ च्या आसपास पेट्रोल आणि डिझेलमध्ये ३० रुपयांचा फरक होता तेव्हा आपल्या घराघरात डिझेल आली, ते गणित वेगळं होतं. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलवरचं सरकारी नियंत्रण गेलं तिथेच ते संपलं. पण आपल्या डोक्यात "डिझेल म्हणजे स्वस्त" हे अजून पक्कं बसलंय.

पैशापेक्षाही दाजींसाठी मला भीती वाटते ती डीपीएफची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाडीच्या धुराचा कडक नियम आला, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये एक फिल्टर असतो, काजळी अडवणारा, तोच डीपीएफ. ती काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून तो फिल्टर ५००-६०० डिग्रीला तापवते आणि काजळी जाळून टाकते. पण त्याला वेळ पाहिजे, सलग पंधरा-वीस मिनिटं ६०-७० च्या स्पीडने गाडी पळाली पाहिजे. कोथरूडमधून कर्वे रोडने सिग्नल-सिग्नल करत जाणाऱ्या गाडीला हे कधी मिळणार?

माझ्या चुलत भावाने गेल्या वर्षी अशीच एक बीएस-६ डिझेल घेतली, चार वर्षांची, फक्त २८ हजार चाललेली, सगळे म्हणाले लॉटरी लागली. तीन महिन्यांत मीटरवर पिवळा दिवा, मग गाडी दमच धरेना, ४० च्या पुढे पळेना. मिरजेला आमच्या चाचांच्या गॅरेजला आणली. चाचांनी डिपस्टिक बाहेर काढली आणि काही न बोलता माझ्या नाकाजवळ धरली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. ऑइल कमी झालेलं सगळ्यांनी बघितलंय, वाढलेलं मी पहिल्यांदा बघितलं. फिल्टर साफ करायला गाडी सुरुवात करायची, आधीचा मालक मध्येच घरी पोचून गाडी बंद करायचा, आणि ते न जळलेलं डिझेल सिलिंडरमधून उतरून ऑइलमध्ये मिसळायचं. असं पातळ ऑइल बेअरिंगचं काय करतं हे वेगळं सांगायला नको. एका गॅरेजवाल्याने त्याला सल्ला दिला की डीपीएफ काढून टाकू, मॅप मारून देतो, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलतो, दिवा लागणार नाही. कृपया हे कोणी करू नका. बेकायदेशीर तर आहेच, पण तो काळा धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकात जातो, आणि मागून दुचाकीवर जो असतो त्याचे हाल मी रोज बघतो.

म्हणजे शहरात कमी चालणाऱ्या डिझेलची "कमी रनिंग" ही जाहिरात ऐकून भुलू नका. रोज हायवेला पळालेली ९० हजाराची डिझेल मला शहरात सडलेल्या ३० हजाराच्या डिझेलपेक्षा कधीही चालेल.

माझ्यासाठी शेवटी तीन गाड्या उरल्या. ब्रेझा, नेक्सॉन आणि इकोस्पोर्ट, तिन्ही २०१८ च्या, आधीच्या बीएस-४ नियमाच्या, म्हणजे डीपीएफची भानगड नाही. चालवायला मला मनापासून आवडली ती इकोस्पोर्ट, स्टेअरिंग काय सुंदर आहे तिचं. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, सर्व्हिस अजून मिळते पण जतला गाडी बंद पडली तर पार्ट कुठून आणू, माझं पोट गाडीवर आहे. नेक्सॉनचं इंजिन तिघांत दमदार, ११० पीएस, २६० एनएम, चढाला तिसऱ्यावर सुद्धा ओढते. आणि सेफ्टीचं बोलायचं तर ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आदळवून बघणारी संस्था) टेस्टमध्ये आधी ४ स्टार आणि डिसेंबर २०१८ मध्ये ५ स्टार मिळालेली. तिच्यावर माझं मन पक्कं होत आलं होतं, पण मला मिळाली त्या नेक्सॉनचा क्लच पार वर उचलत होता, म्हणजे झिजलेला, आणि पुढून आवाज, मालक एक रुपया कमी करेना.

ब्रेझाचं इंजिन म्हणजे तेच फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट, जे माझ्या स्विफ्टमध्ये होतं. रांजणगावला फियाट बनवायची, मानेसरला सुझुकी. स्विफ्ट, डिझायर, पुंटो, व्हिस्टा, किती गाड्यांत बसलं ते. त्यात काही मोठं कौतुक नाही, २००० आरपीएमच्या खाली टर्बो उठत नाही, घाटात गिअर टाकत बसावं लागतं. पण आटपाडीचा मेकॅनिक सुद्धा डोळे झाकून ते उघडतो, टायमिंगला चेन आहे, बेल्ट बदलत बसायचं काम नाही. मारुतीने २०२० ला डिझेल बंद केलं तरी या इंजिनाचे पार्ट प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतात. सेकंड हँड घेताना मी गाडीच्या नावापेक्षा हे जास्त बघतो की माझ्या रस्त्यावर हिला हात लावणारा माणूस आहे का.

पुण्यात एका डीलरकडे अशीच ब्रेझा होती, मीटरवर ६२ हजार. चकाचक पॉलिश, नवीन सीट कव्हर. पण क्लच पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत आणि गिअर नॉबवरचे आकडे पुसलेले. सर्व्हिसची हिस्टरी काढायला लावली, दोन दिवस आज देतो उद्या देतो केलं. शेवटी मिळाली तर २०२२ च्याच सर्व्हिसला १ लाख १८ हजाराची नोंद! मला राग याचा आला की माझ्या आधी एक म्हातारे काका त्याच गाडीला टोकन द्यायच्या तयारीत बसले होते. त्यांना बाहेर बोलावून सांगितलं.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांबद्दल पण बरेच जण विचारतात, लाखभर स्वस्त मिळते म्हणून. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलवरच्या बंदीचा प्रश्न २०१५ पासून चालू आहे म्हणून लोक आधीच विकून मोकळे होतात. आपल्याकडे १५ वर्षांचं पासिंग, पुढे फिटनेस आणि पर्यावरण कर भरून वाढवता येतं, त्यामुळे गाडी चालेल. पण एनओसी, इथला टॅक्स, पुन्हा नंबर घेणे, आरटीओच्या फेऱ्या हे सगळं धरून मग किंमत बघा. मला तरी परवडलं नसतं.

माझी गाडी शेवटी कराडजवळच्या एका शिक्षकांकडे मिळाली. पहिले मालक, ९४ हजार, सगळी बिलं फाइलला लावलेली. सकाळी सातला पोचलो, बॉनेट दवाने ओलं. एका सेल्फला उचलली. चाचांना सोबत नेलं होतं, त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण फिरवलं आणि तिथेच उलटं ठेवलं. इंजिन आतून झिजून खालून प्रेशर मारत असेल तर झाकण उडतं, हे नुसतं जागच्या जागी थरथरत राहिलं. मग टर्बोच्या पाइपमध्ये बोट घालून बघितलं, जेमतेम ओलसर, म्हणजे टर्बो ऑइल फेकत नव्हता. टायर मात्र चारी २०१८ चेच, बाजूवर शेवटचे दोन आकडे १८. त्याचे २२ हजार कमी करून ५ लाख ८५ ला ठरली. गुरुजींनी बँकेचा बोजा आधीच उतरवून ठेवला होता, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या माझ्यासमोर केल्या, आणि टीटी (गाडी माझ्या नावावर) होईपर्यंत ५० हजार माझ्याकडेच ठेवा असं त्यांनीच सांगितलं.

दाजींसाठी एक पेट्रोल आय२० बघून ठेवलीय वाकडला, या रविवारी जातोय. त्या बाजूला कोणाला गाडी दाखवायची असेल तर कळवा, चाचा पण येणार आहेत. फक्त मालकाला सांगून ठेवा, चावी लावू नका म्हणून.