कॉलम नंबर चौदा

परवा जळगावात एका माणसाने माझ्या दीड महिन्याच्या मेहनतीवर कचोरी ठेवली. खरोखरची कचोरी, तेलाने निथळणारी, वर चिंचेची चटणी. मेहनत म्हणजे दोन कागद सेलोटेपने जोडून केलेला तक्ता: अकरा लॅपटॉप, सोळा कॉलम, आणि खाली सवयीने माझं नाव नि मोबाईल नंबर, कारण वीस वर्षं पतपेढीत काढलेला माणूस बिनानावाचा कागद कुठं सोडत नाही.

पोरीला बीएस्सी कॉम्प्युटरला नाशिकला जायचंय, लॅपटॉप पाहिजे. बजेट 45 हजार, वर एक रुपया नाही असं मी घरात जाहीर केलं, बायको 'बरं' म्हणाली, म्हणजे तिने मनात 50 धरले. मग सल्ले. हिंजवडीचा साला म्हणतो दाजी, आय-7च घ्या, त्याच्या खाली बघूच नका. उधन्याचे साडू म्हणतात सुरतला या, होलसेलात घेऊन देतो. ते साड्यांबद्दलपण हेच म्हणतात आणि आजवर एकही साडी आम्हाला होलसेलात पडलेली नाही.

खरं तर मी अमळनेरचा. 1945 साली आमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, ती पुढे कॉम्प्युटरमध्ये शिरली आणि विप्रो झाली. ज्यांच्या घरात तेव्हाचे शेअर राहिले त्यांची काय चांदी झाली ते अमळनेरात शेंबडं पोरगंही सांगेल. आमच्या आजोबांनी तेव्हा शेअर न घेता बैलजोडी घेतली. बैल चांगले होते म्हणतात. तर अशा गावच्या माणसाला लॅपटॉप निवडायला दीड महिना लागावा ही तशी लाजेचीच गोष्ट, पण लागला, कारण या कंपन्यांनी ठरवूनच घोळ करून ठेवलाय.

आता बघा, साल्याचा आय-7, म्हणजे इंटेल कंपनीचा प्रोसेसर, लॅपटॉपचं इंजिनच म्हणा. सेकंडहँडमध्ये 28 हजारात आय-7 मिळतो, छाती फुगते. आत बघितलं तर आय-7 7500यू, सातवी पिढी, कोर, म्हणजे आतले काम ओढणारे भाग, फक्त दोन. आणि बाराव्या पिढीचा साधा आय-3 1215यू, त्याला कोर सहा. म्हणजे आयच्या पुढचा आकडा नुसता कुंकवापुरता, खरं काय ते त्याच्यानंतरच्या आकड्यात. वरून विंडोज 11 अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे तो आय-7 घरी आणून पूजा करायची. रायझन, म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर, त्याचं आणखी वेगळं. 7520यू मधला 7 बघून वाटतं ताजा माल, पण आतलं डिझाइन कुठल्या काळचं ते तिसऱ्या आकड्यात लपवलेलं, तो 2 म्हणजे झेन 2, म्हणजे 2019 सालचं. जुन्या साडीला नवा फॉल. रॅम 8 जीबी लिहितात, ती बोर्डावरच सोल्डर, म्हणजे डाग देऊन पक्की केलीय का वाढवायला स्लॉट आहे ते लिहीत नाहीत. 512 जीबीची एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, विंडोजमध्ये 476 दिसते, ते एक वेळ समजू शकतो, मोजायची पद्धत वेगळी. पण स्क्रीन किती नीट्सची, म्हणजे किती उजळ, बाजूनेही नीट दिसणारी आयपीएस आहे का बाजूने फिकी पडणारी टीएन, हे विचारलं की दुकानदार 'फुल एचडी आहे ना सर' म्हणतो, जसं काही आपण भाजीचा भाव विचारला आणि त्याने 'हिरवी आहे ना' म्हणून सांगितलं. हे सगळं माझ्या सोळा कॉलमात होतं. कॉलम चौदा लक्षात ठेवा.

तर सकाळच्या गाडीने जळगावला उतरलो. मे महिना, 44 अंश, डोक्याला उपरणं. गोलाणी मार्केटमध्ये दोन-तीन दुकानं फिरलो, तिथं माझ्या तक्त्यातलं एक नंबरचं मॉडेल नव्हतं. मग त्याच भागातल्या एका दुकानात शिरलो, तिथं ते होतं आणि एसीपण होता. काउंटरवर पंचविशीचा पोरगा. मी तक्ता पसरला. त्याने तक्त्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी लोकं लग्नात पाच पानी मंगलाष्टकं हातात धरलेल्या मावशीकडे बघतात.

"सर, बॅकलाइट कीबोर्ड पाहिजे का?"

मी म्हटलं, "तो कॉलम अकरा. आधी कॉलम चार बघू."

तेवढ्यात एसीच्या बरोब्बर खालच्या खुर्चीतून आवाज आला, "हवा कुठून सोडतं ते विचारा त्याले."

सत्तरीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात रबरी चप्पल. पोरगा म्हणाला, हे नाना, भुसावळच्या लोको शेडमधून रिटायर झालेत. काही घ्यायला आलेत का? नाही. रोज दुपारी बारा ते चार येतात. दुकानमालकाचे कोणी लागतात का? तेही नाही. एसीत बसतात. घरी कूलर आहे, पण त्याच्या गवताला वास येतो म्हणे.

नाना उठले. माझा एक नंबरचा, सोळाच्या सोळा कॉलमात पास झालेला लॅपटॉप त्यांनी सरळ उलटा केला. खालच्या जाळीवर तळहात ठेवला, मग मागच्या फटीला कान लावला. डेमो पीसवर काहीतरी चालू कर म्हणाले. पोराने एकदम तीन व्हिडिओ लावले. नाना डोळे मिटून ऐकत उभे. दुकानात शांतता. एक बाई मोबाईलची काच बसवायला आल्या होत्या, त्यापण थांबल्या.

"याची हवा बिजागरीत अडकून राह्यली," नानांनी निकाल दिला. "स्क्रीनवरच फेकतं ना भो."

मी म्हटलं, "नाना, त्याचा प्रोसेसर..."

"इंजिन किती हॉर्सपावरचं हाये ते बॉडीवर लिहेल असतं भाऊ. चढावर किती वढतं ते नसतं लिहेल." आणि मग सुरू झाले. ट्रॅक्शन मोटरला ब्लोअर असतो, एमव्हीएमटी म्हणतात त्याले. तो बंद पडला तर मोटर तापते, मग ताकद असून कामाची नाही. कसारा घाटात 37 ला 1 चढ, तिथं मालगाडीला मागून वेगळी इंजिनं लावा लागतात, बँकर. "तुमच्या पोरीच्या लॅपटॉपले बँकर कोण लावीन?"

बाई हसल्या. पोरगा म्हणाला, "नाना बरोबर सांगून राह्यले सर."

आता माझं दुःख सांगतो. हे सगळं मला माहीत होतं! प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग आय-3 काय नि आय-7 काय, दोघं सारखेच धापा टाकतात. इतकंच नाही, पुष्कळ लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आजूबाजूचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं. 35! म्हणजे कंपनीच्या हिशेबाने जळगाव जिल्ह्यात मार्च ते जून लॅपटॉप उघडायचाच नाही, केळीच्या बागेत नेऊन ठेवायचा. हे दिल्ली-मुंबईच्या एसी खोलीत बसून रिव्ह्यू करणाऱ्यांना कोण सांगणार. मी अकराही मॉडेलचे वापरणाऱ्यांचे अनुभव वाचून 'तापतो का' असा एक वेगळा कॉलम केला होता. चौदावा. एक नंबरच्या मॉडेलला त्यात 'थोडा' लिहिलं होतं, बाकी गुण जास्त म्हणून ते वर आलं. हे मी नानांना दाखवायला बोट पुढे केलं आणि लाइट गेली.

एसी बंद. इन्व्हर्टरवर नुसती एक ट्यूब. नानांचं तोंड असं झालं की कोणी वारलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझा तक्ता उचलला, घडी घातली आणि वारा घ्यायला लागले. सोळा कॉलम नानांच्या तोंडापुढे हलत होते. मी म्हटलं, "नाना, तो जरा..." तर ते म्हणाले, "जाड कागद हाये, चांगला वारा येतो." एवढ्यात खालून एक पोरगा कचोऱ्या घेऊन आला. नानांनी तक्त्याची घडी मोडली, काउंटरवर पसरला आणि वर कचोरी ठेवली. मलापण एक दिली, हे मान्य करायला पाहिजे. मी खाल्लीपण. तेल हळूहळू पसरत गेलं, तेरा, चौदा, पंधरा. म्हटलं जाऊ दे, तूप-तेल आणि कॉम्प्युटर हे नातं आमच्या अमळनेरात जुनंच आहे.

शेवटी काय, तर मी दोन नंबरचा घेतला. आय-3 1215यू, 8 जीबी आणि एक स्लॉट रिकामा, हवा बाजूने सोडतो. नानांनी पास केला. बायकोला सांगताना मी 'मीच बदललं' असं सांगितलं. 44,500 ठरले आणि कार्ड काढलं तर पोरगा म्हणतो कार्डवर दोन टक्के जास्त. म्हणजे 890 रुपये. बोर्डावर 'सर्व कार्ड स्वीकारले जातील' लिहिलंय, स्वीकारतात पण 890 घेऊन. वाद घातला, तो म्हणाला मशीनवाले आमच्याकडून घेतात सर, मग एटीएम शोधत 44 अंशात पुन्हा रस्त्यावर. पहिल्या एटीएमात कॅश नाही, दुसऱ्यात एका वेळी दहा हजारच निघतात आणि मागे सहा माणसं उभी. चौथ्या वेळी कार्ड घातलं तर मागचा म्हणाला बँकच घेऊन चालले का काका. वरचे साडेचार बायकोने वेगळ्या पाकिटात ठेवले होते, मनातल्या 50 मधले. बॅग फुकट देतो म्हणाला होता, ती घरी येईपर्यंत एका बाजूने उसवली. या गडबडीत तक्ता काउंटरवरच राहिला.

काल रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून फोन.

"भाऊ, मी नाना बोलतो. भुसावळवाला. नातवाले लॅपटॉप घेनाय, म्हणून तुमचा कागद आणला घरी. लय बारीक काम केलं हो तुमी."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"एक सांगा, चौदाव्या खणात काय लिहेल हाये? तेल लागेल हाये, वाचताच येत नाही."

मी म्हटलं, "तापतो का, हे लिहिलंय नाना."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग नाना खुशीत म्हणाले, "हां! बरं केलं, मी सांगेल लगेच लिहून घेतलं तुमी."