नख तुटलं तर कापूस आणि फेविक्विक लावू नका

"तुटलेलं नख पाच मिनिटांत घरीच जोडा, पार्लरला पैसे घालवू नका" असा मेसेज सध्या सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. मावशीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "लावू का गं? फेविक्विक घरात आहे." मावशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारते, मजुरी नगावर. तिचं नख मधोमध उभं चिरलंय. टॉवेलचा धागा त्या चिरेत अडकतो, आणि हिसका बसला की चीर आणखी आत सरकते. अशा बाईला झटपट उपाय हवाच असतो. म्हणूनच या मेसेजचा मला राग येतो. मी रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा निदान पहिल्या उपायावर तरी गप्प बसणं शक्य नाही.

तो उपाय असा: "नखावर कापसाचा थर ठेवा, त्यावर फेविक्विक सोडा, दोन मिनिटं दाबून धरा." लिहिणाऱ्याने हे स्वतःच्या बोटावर करून पाहिलेलं नसणार. पाहिलं असतं तर दोन मिनिटं दाबून धरवलं नसतं.

फेविक्विकसारखे गोंद सायनोअ‍ॅक्रिलेटचे असतात. ते रंगासारखे वाळत नाहीत. जरासा ओलावा मिळाला की त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात, आणि त्या वेळी उष्णता बाहेर पडते. कपाच्या तुटलेल्या कानाला थेंबभर लावलात तर ती जाणवतही नाही. कापसाचं गणित वेगळं. बारीक तंतू, त्यांच्यात मुरलेला ओलावा. गोंद क्षणात सगळीकडे पसरतो आणि सगळाच एकदम कडक होतो. उष्णता तिथल्या तिथे साचते. कधी कधी धूरही निघतो. चटका बसला म्हणून हात झटकावा, तर बोळा नखाला घट्ट चिकटलेला. नळाखाली धरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

ही माझी कल्पना नाही. असे गोंद बनवणाऱ्या कंपन्यांच्या सुरक्षा-पत्रकांतच ताकीद असते की सांडलेला गोंद कापडाने किंवा टिश्यूने पुसू नका, तापून भाजू शकतं. अंगावरच्या सुती कपड्यावर हा गोंद सांडून खालची कातडी भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि त्यांत लहान मुलं आहेत. आता आपल्या गावाचा विचार करा. टॉवेल-चादरीच्या कारखान्यातून आलेल्या बाईच्या हाताला, केसांना सुताचे तंतू लागलेले असतात. एका हाताने ट्यूब दाबताना थेंब मांडीवर पडला, तर खाली सुती साडी. शेजारी पोर बसलेलं.

"कापूस नसेल तर खायचा सोडा भुरभुरा" असंही पुढे लिहिलंय. सोडा अल्कली आहे, त्याने गोंद आणखी भरकन कडक होतो. म्हणजे तापणं आलंच.

यात थोडं खरं आहे, तेही सांगते. नखाच्या पुढच्या, पांढऱ्या भागाला बारीक चीर असेल तर टी-बॅगचा कागदाचा इवलासा तुकडा ठेवून वर नखांसाठीच मिळणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावतात, आणि ते काही दिवस टिकतं. तो कागद पातळ असतो, फार गोंद पीत नाही. आपल्याकडे चहा पातेल्यात उकळतो, टी-बॅग घरात नसते, म्हणून मराठीत आणताना कुणीतरी त्या जागी कापूस घातलेला दिसतो. "डॉक्टरही जखमेला फेविक्विकच लावतात" हेही असंच अर्धवट. दवाखान्यातला गोंद त्याच कुळातला, पण रेणू वेगळा. अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. तो निर्जंतुक असतो आणि कमी तापतो. दुकानातली ट्यूब चिरलेल्या, रक्त येणाऱ्या नखावर लावायची नाही.

दुसरा उपाय पानाच्या चुन्याचा, "कॅल्शियम मिळून नख जुळतं" म्हणे. नख केराटिन नावाच्या मृत प्रथिनाचं असतं. त्यात कॅल्शियम अगदी नावापुरतं. कडकपणा येतो तो केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. बाहेरून काहीही चोपडलं तरी चिरलेलं नख सांधत नाही. ते मुळापासून वाढतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर, आणि पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. चुना मात्र दाहक आहे. चीर आतपर्यंत गेली असेल तर तो उघड्या मांसाला पोळतो.

तिसरा: लसूण चोळा, लिंबाचा रस लावा आणि उन्हात बसा. लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडीवर फोड येतात, नंतर काळे डाग बरेच दिवस राहतात. सोलापूरच्या उन्हात हा सल्ला! कच्चा लसूण बांधून ठेवला तर त्यानेही कातडी भाजते.

टूथपेस्टने काही होत नाही, सोडून द्या. पण "लोंबतं नख मिठाच्या गरम पाण्यात भिजवून ओढून काढा" हे अजिबात करू नका. ओढलं की चिकटलेला भागही सोलून येतो.

मावशीला मी सांगितलं ते एवढंच. सुटा झालेला तुकडा नेलकटरने काप, चिकटलेला राहू दे. कड कानशीने एकाच दिशेने घास. साबण-पाण्याने धू, व्हॅसलीन लाव, वर पट्टी गुंडाळ आणि कामावर जा. पट्टीमुळे धागा अडकत नाही. पट्टी ओली झाली की बदल. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं दाबून धर. बोट मशीनमध्ये चेंगरलं, नख मुळातून उचललं, पू झाला किंवा मधुमेह असलेल्या कुणाचं नख असं तुटलं, तर सरळ सिव्हिल गाठायचं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं.

आणि ज्यांनी मेसेज वाचून आधीच बोटं चिकटवून घेतली आहेत त्यांनी ओढाताण करू नये. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. कातडी फाटलेली नसेल तर अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर चालतं, मात्र गॅसपासून लांब आणि डोळ्याजवळ कधीच नाही.

नखं वारंवार तुटत असतील तर भांडी-धुण्याला हातमोजे घाला. नखं चमच्यासारखी खोलगट दिसायला लागली असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी असलं की तसं होतं, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे.